फरकांड्याचे मनोरे आणि आक्काचा तांब्या

आक्काला घेऊनच परतायचं, असं ठरवून मी भडगावहून निघालो. फरकांड्याला जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे आहेत. एकात चढून तो गदगदा हलवला की दुसराही झुलतो. त्यातल्याच एकाच्या पायथ्याशी माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घर. अजिंठा बघून परतणारे पाहुणे हल्ली तिकडे वळतात आणि प्रत्येक जण "हलवून दाखवा" म्हणतो, हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर होता.

कासोद्यापर्यंत एस.टी. आहे. पुढे पायीच. ऊन चढायच्या आत निघावं, पाणी जवळ ठेवावं. वाटेत हॉटेल नाही. पोचल्यावर आक्काने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढला, पण माझं लक्ष वर. मनोऱ्याच्या विटांत बोट जाईल एवढी भेग पडलेली.

"आक्का, चल माझ्याकडे."

"भाऊ, तू धाकलपनपासून असाच भित्रा. मना घर आठेच शे." इथलं घर ती सोडणार नव्हती.

मनोऱ्याच्या ओट्यावर तिने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला होता. मनोरा हलला की पाणी सांडतं, मग ती घराबाहेर पळते. एवढाच तिचा बंदोबस्त.

दुपारी जळगावहून जीप आली. साहेब, बाईसाहेब, गळ्यात कॅमेरा. सरपंच हात जोडून सांगत होते, "रस्ता तेवढा करून द्या साहेब, बठ्ठा, सगळा मुलूख पाहायला येईल."

इतकी वर्षं मनोरा हलवणारे म्हातारे हसनचाचा वर चढले. वरून आरोळी आली. चाचांची दाढी, उपरणं, सगळं अंग घुसळत होतं.

"हलला! तो बघा, दुसराही!" साहेब ओरडले. बाईसाहेबांनी टाळ्या पिटल्या.

मी तांब्याकडे पाहत होतो. पाण्यावर साधी लहरही नव्हती.

जीप गेली. मी तोंड उघडणार तोच आक्का म्हणाली, "चूप रे भाऊ."

चाचा घाम पुसत हसले. "भेग पडनी तवयपासून मी मनोराले जोर लावत नही. मीच हालस. पाहुणासले तेवढं पुरस."

आक्का आली नाही. मी एकटाच परतलो. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय नाना, हलला का?" मी म्हणालो, "हलला."

मग हे लिहायला का बसलो? रस्ता होणार म्हणतात. माणसं वाढतील. त्यांतला एखादा तगडा गडी चाचांना बाजूला सारून स्वतः चढेल, ही धास्ती जात नाही. म्हणून सांगतो, जरूर जा, मनोरे पाहण्यासारखेच आहेत. चाचा चढले की खाली उभे राहा, हलला म्हणा, आणि निघताना आक्काच्या तांब्याला धक्का लावू नका.