बीड स्टेशनचा फोटो

बीडच्या बसस्टँडसमोर स्टोव्ह दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. नव्वदच्या दशकात मी त्याच्याकडे नेहमी जात असे, पण नाव कधी विचारलं नाही. ज्या पिनेने तो बर्नर साफ करायचा, तिनेच विचार करताना कान कोरायचा. फावल्या वेळात त्याने पत्र्याचं बीड रेल्वे स्टेशन बनवलं होतं. फलाट, सिग्नल, चावीवर धावणारी गाडी, सगळं होतं. फक्त गावात रेल्वे नव्हती.

पुण्यात अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. एस.टी.त स्वतःसाठी आणि स्टेशनसाठी जागा धरायला त्याने दोन रुमाल धुऊन ठेवले. तेवढ्यात नियम कळला, की मॉडेलसोबत मूळ स्टेशनचा फोटो हवा.

"परळीची पाटी लावा," मी सुचवलं. "तिथं खरं स्टेशन आहे."

"दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणू व्हय, सर?"

त्याने रेल्वेसाठी मोजणी झालेल्या माळाचा फोटो पाठवला. त्यात शेळ्या चरत होत्या. खाली लिहिलं, 'मॉडेल तयार हाय. मूळ यायचं राहिलंय.'

आयोजकांनी बोलावलं, पण काल्पनिक विभागात. त्याचा चेहरा उतरला.

"काल्पनिक कावून? दर इलेक्शनला मंत्री येऊन जाहीर करतेत की!"

"म्हणजे जाणार नाही?"

"जानार तर हायच," तो पीन कानात फिरवत म्हणाला. "त्या इभागात मंत्र्यालाबी ठेवायला जागा हाय का, तेवढं इचारून येतो."