फौजदाराचं आवर्तन

आमच्या चुलत दिरांसारखा मोजून जगणारा माणूस परमेश्वरानं पुन्हा घडवला नसावा, कारण पहिल्याच खेपेला यांनी त्याची मापं चुकल्याचं दाखवून दिलं असणार. सारी नोकरी त्यांनी पाचोडकडच्या कालव्यावर काढली. कोणत्या चारीला किती पाणी, किती वेळ आणि कोणत्या पाटलानं दार उचकटून जास्तीचं घेतलं, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी, बीड बायपासच्या पलीकडं राहायला आले. कालवा मागं राहिला, मोजणं मात्र सुटलं नाही. चहात साखर घालताना चमचा डोळ्यांच्या रेषेत धरत. आमच्याकडं पाहुणे म्हणून आले तरी आधी गच्चीवर जाऊन टाकीत काठी बुडवत आणि खाली येऊन सांगत, "वहिनी, परवा दुपारपर्यंत पुरंल. धुणं आज नका काढू." दुष्काळाची वर्षं होती ती. धरणानं तळ दाखवलेला, आमच्या भागात नळ अजून पोचायचाच होता, आणि तरी रोज नव्या प्लॉटवर बांधकामाचे दगड पडत होते. सगळी गल्ली टँकरवर जगायची आणि टँकरवाला भाऊजींच्या काठीला भ्यायचा.

मी तेव्हा चाळिशीतली, सोयगावहून येऊन शहरात बंगला बांधलेली बाई. दाराला पितळी पाटी आणि आत प्यायला पाणी नाही, असा थाट. महिला मंडळाच्या प्रथमोपचार वर्गाचं प्रशस्तिपत्र मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं. सुई पाहिली की मला घेरी येते, ही बाब त्यात नमूद नव्हती. शिवाय वजन उतरावं म्हणून मी रोज सकाळी कोमट पाण्यातून लिंबू-मध घ्यायचे आणि त्यानं भूक छान लागते म्हणून वर दोन पराठे खायचे.

भाऊजींच्या घरात दुसरं माणूस म्हणजे फौजदार. माणूस म्हणायचं आपलं, होता तो पिवळा दांडगा बोका. घरी पोटभर जेवून तो गल्लीत गस्तीला निघायचा आणि प्रत्येक स्वयंपाकघरातून हप्ता घेऊन परतायचा. भाऊजी त्याला अहोजाहो करत. दुष्काळाच्या ऐन भरात त्यांच्या लक्षात आलं की फौजदारसाहेबांच्या वाडग्यातलं पाणी भलतंच उतरतंय. आधी त्यांना वाडगं गळतंय असं वाटलं. मग त्यांनी दिवसभर स्टुलावर बसून पाहणी केली आणि निदान केलं की गळती बोक्यातच आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, याला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागेल. टँकरवाल्याला हे कळलं तेव्हा त्यानं नळी तशीच वाहू दिली आणि म्हणाला, "चाचा, यहाँ आदमी को पानी नहीं, और तुम्हारे बिल्ले को अमीरों की बीमारी?" भाऊजींनी आधी नळी बंद करायला लावली, मग त्याच्याकडं पाहिलं.

औरंगपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात इन्सुलिन मागितलं तर दुकानदारानं विचारलं, पेशंट कोण. भाऊजी म्हणाले, फौजदार. त्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली, बर्फाच्या पिशवीत बाटली बांधली आणि साहेबांना नमस्कार सांगा म्हणाला. भाऊजींनी घरी येऊन नमस्कार सांगितला. साहेबांनी शेपटी हलवली.

मग सुरू झालं ते आवर्तन. कालव्यात पाणी सोडायच्या पाळीला आवर्तन म्हणतात, आणि भाऊजींच्या लेखी इन्सुलिन म्हणजे तेच. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ओट्यापाशी उभे राहत आणि हाक मारत, "फौजदारसाहेब, कान." कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त यंत्रावर घ्यायचं, आकडा बघायचा, जेवण झालं की मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई. बोका धरायचं काम माझं, प्रशस्तिपत्र होतं ना. मी डोळे मिटून बोका धरायचे. एकदा उघडले तर हातात उशी होती आणि भाऊजी एकटेच बोक्याला सुई देऊन मोकळे झाले होते.

डॉक्टरीणबाई मात्रा हळूहळू बसवत होत्या. थोडी वाढवायची, काही दिवस बघायचं, मग पुढचं ठरवायचं. हे हळूहळू भाऊजींना फार मानवलं, आणि त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता मुलगा पुण्याला. जाऊबाई गेल्यापासून तो दर रविवारी फोन करायचा, बाबा, तिथं पाणी नाही, माणूस नाही, इकडं या. त्याच्या सोसायटीत मांजर चालत नव्हतं. भाऊजींना आपलं घर, आपली काठी आणि आपला बोका सोडायचा नव्हता, पण पोराला नाही म्हणायची छातीही नव्हती. म्हणून ते सांगत, "डोस बसंना अजून. मधीच कसं निघावं?" फौजदार जगला आणि सुई चालू राहिली तर भाऊजी आपल्या घरात, नाहीतर पुण्याच्या सातव्या मजल्यावर, असा सरळ हिशेब होता. मुलगाही एकदा चिडून म्हणाला होता, त्या बोक्याचं करणं जमेनासं झालं, की मी गाडी घेऊन येतो.

आणि मग आली एकादशी. आमच्या गल्लीत एकादशी म्हणजे घरटी साबुदाण्याची खिचडी, वर तूप, दाण्याचं कूट, आणि सगळ्यांच्या मनात ओसंडणारी भूतदया. फौजदार गस्तीला निघाला. प्रत्येक घरच्या बाईला वाटलं, आज माशाबिशाचा दिवस नाही, बिचारा उपाशी असेल. अशा रीतीनं समस्त भाविकांनी मिळून, घरोघरी बशीभर खिचडी घालून, त्या बोक्याला कडकडीत उपास घडवला. संध्याकाळी यंत्रावर जो आकडा आला तो पाहून भाऊजींचे डोळे फिरले. साबुदाणा साखरेचाच सख्खा भाऊ, हे त्यांच्या गावी नव्हतं. त्यांना वाटलं, आजार उलटला. डॉक्टरीणबाईंचा फोन लागेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत मात्रा वाढवली. सकाळीही वाढीवच दिली, आणि फौजदार काही खाईल म्हणून बशी पुढं ठेवली. खिचडीनं बिघडलेल्या पोटाचा बोका बशीकडं ढुंकून बघेना.

मी लिंबू पिळत होते तेव्हा भाऊजींची हाक आली. जाऊन पाहते तर फौजदार फरशीवर आडवा, पाय लटपटतायत, डोळे कुठंतरी भलतीकडं. भाऊजी त्याच्याशेजारी मांडी घालून बसलेले, हातात डॉक्टरीणबाईंना लावलेला फोन, आणि तो कानाला लावायचा असतो हे विसरलेले. मी धावत घरी जाऊन प्रथमोपचाराची पेटी आणली आणि बोक्याच्या पायाला बँडेज बांधायला घेतलं. पायाला काय झालं होतं, हे देव जाणे. शहरात आल्यापासून जिभेवर घोटून घोटून बसवलेली माझी शुद्ध भाषा पार उडाली आणि मी सोयगावच्या बाजारात ओरडावं तशी ओरडले, "आवं भाऊजी, बोला की त्या बाईशी!" मग मीच फोन हिसकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर फार उतरलीय, मध असला तर हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच घेऊन या. माझ्या मधाची ती बाटली आयुष्यात एकदाच कुणाच्या प्रकृतीला उपयोगी पडली.

रिक्षात भाऊजींनी बोका टॉवेलात धरला होता, मी बोटानं मध चोळत होते. महानुभावानं माझं बोट चावलं तेव्हा आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला उभं आडवं घेतलं. एका आकड्यावरून मात्रा वाढवायची नाही, आणि जनावर जेवलं नाही तर मला विचारल्याशिवाय सुई द्यायची नाही. साबुदाण्याचं ऐकून त्या नुसत्या खाली बसल्या.

बाहेर बाकावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, सारी जिंदगी शेतकऱ्याला सांगत आलो. वर दार उघडलं की शेवटच्या शेताला पाणी पोचायला वेळ लागतो, घाई करून दुसरं उघडू नका, पाट फुटंल. घरचाच पाट फोडला असता मी." एवढं बोलून ते काठी शोधायला लागले. काठी घरी होती.

फौजदार वाचला. गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन भाऊजींनी हात जोडून त्याचे हप्ते बंद केले. आणि मग अशी गोष्ट घडली की भाऊजींची झोप उडाली. बोका सुधारायला लागला. मात्रा उतरत उतरत गेली आणि एक दिवस डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, काही मांजरांचं असं होतं, आता सुई बंद, फक्त खाणं सांभाळा आणि अधूनमधून तपासा. भाऊजी पेढे वाटायच्या ऐवजी पडक्या चेहऱ्यानं आमच्याकडं आले आणि पोराचा फोन आला तर काही बोलू नका म्हणाले.

फोन आला नाही, पोरगाच आला, न सांगता. आणि फौजदार सवयीनं ओट्यापाशी जाऊन कान पुढं करून बसला. भाऊजींनी त्याला थोपटलं, रिकाम्या हातांनी. मुलगा बघत होता. त्यानं फ्रिज उघडला, औषधाची बाटली नव्हती. मी चहा घेऊन गेले होते, माझ्याकडंही त्यानं पाहिलं. मी कपातली साखर ढवळत राहिले. तो उकिडवा बसला, फौजदाराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाला, "बाबा, हे असं अर्धवट टाकून तुम्हाला कसं येता येईल? बघा सावकाश." चहा पिऊन, काठीनं टाकी मोजून, टँकरवाल्याला आगाऊ सांगून तो दुपारी निघून गेला.

भाऊजी फाटकाशी उभे होते. गाडी बायपासला लागली तरी हलले नाहीत. मला वाटलं, आता जिंकल्यासारखं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पोरगं लई वाळलंय, नाय? जेवत नसंल धड." मी म्हटलं, व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात आले. काखेत फौजदार, खांद्याला लहानशी पिशवी. पुण्याला थोडे दिवस जाऊन येतो म्हणाले, तेवढं साहेबांना सांभाळाल का. मी फौजदाराला घेतलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. भाऊजी पायरी उतरले, थांबले, आणि त्याच्या खाण्याचं माप सांगायला परत वळले. मग काही न सांगताच गेले.