कोह्याची पूर्व बाजू

पान बघून झाड कोणीही ओळखतो, असं बाबा तुच्छतेनं म्हणायचे. उन्हाळ्यात सगळं जंगल उघडं पडतं, तेव्हा नुसत्या सालीवरून जो सांगेल तो खरा. ते जंगल खात्यात रोजंदारीवर चौकीदार होते, जन्मभर नाकेदाराच्या, म्हणजे वनरक्षकाच्या मागे पायी हिंडले. सुटीच्या दिवशी मला नाल्याकाठी नेऊन परीक्षा घ्यायचे. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल म्हणजे साजा, तुमचा ऐन. काळे चौकोनी तुकडे चिकटवल्यागत दिसतो तो तेंदू. गुळगुळीत, पांढुरका, पापुद्रे सुटणारा तो कोहा, म्हणजे पुस्तकातला अर्जुन. त्यापुढची परीक्षा अवघड असायची. एकाच जातीची दहा झाडं वेगवेगळी ओळखायची, कुणाला गाठ आहे, कुणाचा डिंक गळतो, कुणाला वाळवी लागली त्यावरून.

"निरोगी झाडाले कोन पायते? गाठ आली का मंग त्याले नाव भेटते," ते म्हणायचे.

राजेगावच्या रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. गावच्या नाल्यावर मोठा कोहा एकच उरला होता आणि त्याला तर कुणीही ओळखावं अशी त्याची दशा होती. कोह्याच्या सालीचा काढा काळजाच्या दुखण्यावर चालतो, ही आमच्याकडची श्रद्धा. साल काढायचा नियमही ठरलेला. मुळाशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, घरात कोण आजारी आहे ते झाडाला सांगायचं, आणि सूर्य उगवतो त्या बाजूचीच साल घ्यायची. नियम शहाणपणाचा होता. एकच बाजू सोलली तर झाड जगतं.

पण पूर्वेची साल संपली तेव्हा आमच्या लोकांनी नियम मोडला नाही, पूर्वच वाढवली. थंडीत सूर्य नाल्याकडून उगवतो म्हणून तिकडची काढली. उन्हाळ्यात शाळेकडून उगवतो म्हणून तिकडचीही. तांदूळ मात्र प्रत्येकानं न चुकता ठेवले. झाड जखमेच्या कडा आत वळवून भरू बघायचं. त्या फुगलेल्या कडांत किडे शिरायचे, काळं पाणी गळायचं. बाहेरगावचा माणूस त्या खडबडीत खोडाला साजा समजून पुढे जायचा.

काचबिंदूनं बाबांची नजर गेली, त्यानंतर ते झाडं हातानं ओळखू लागले. दर महिन्याला मी त्यांना कोह्यापाशी न्यायची. पश्चिमेला उरलेली साल ते वितीनं मोजायचे. शेवटी ती दीड वीत होती.

"तेवढ्यावर जगून राह्यलं हे," ते म्हणाले. "वरून खाली जे काही उतरते ते याच वाटेनं. आता कोनी हात लावला का खतम."

त्याच वर्षी मायचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. गोंदियाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, आता फक्त जपा. मायनं गोळ्या घेतल्या, पण धोशा काढ्याचा लावला. बाबा म्हणाले, दुकानातून आण. मी गोंदियाहून पुडी आणली. मायनं एक घोट घेतला आणि थुंकला.

"भुसा होय हा. मले नाल्याची पायजे."

"नाल्याची नाही भेटत," बाबा खाटेवरूनच म्हणाले. एवढंच. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन गेले. मी बालाघाटच्या शाळेत विज्ञान शिकवते. काढ्यानं काही होणार नाही हे मला माहीत होतं, आणि झाडाचं काय होणार तेही. तरी तांदूळ ठेवले. माय आजारी आहे, असं मोठ्यानं सांगितलं. पश्चिमेच्या त्या पट्टीसमोर उभी राहून मनाला समजावलं की मावळतो तोही सूर्यच की. गावाला नावं ठेवणारी मी, गावापेक्षा वेगळी निघाले नाही. साल ओली होती, सहज सुटली. आतून लाल होती.

काढा पिऊन माय म्हणाली, "ही पक्की आपल्या नाल्याची." मग हळूच, "बाबाले नको सांगू." आठवडाभर जीव हलका वाटतो म्हणत होती. मला वाटतं, माझ्यासाठी म्हणत होती. पुढच्या आठवड्यात ती गेली.

त्या पावसाळ्यात कोहा पानांनी भरला होता. मी वेड्यासारखी आशा धरली. पुढच्या उन्हाळ्यात बाकी झाडांना कोवळी तांबूस पालवी फुटली, त्याला फुटली नाही. बाबा रोज म्हणायचे, कोह्याकडे ने. मी आज ऊन आहे, उद्या शाळा आहे, असं करत वर्षभर टाळलं. शेवटी ते काठी घेऊन एकटेच निघाले, तेव्हा मला हात धरावा लागला.

त्यांनी तळवा खोडावर ठेवला आणि सरकत सरकत पूर्ण फेरी मारली. पुन्हा एक मारली. दुसऱ्या फेरीत सावकाश, बोटं पसरून. साल कुठेच लागली नाही.

"कोनं काढली वं?"

"मले काय माहीत, बाबा."

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ज्यानं नेली त्याच्या घरी कोनी लई बिमार असन," ते म्हणाले. "उगाच नाही कोनी आखरीची पट्टी काढत." मग माझ्याकडे तोंड वळवून त्यांनी विचारलं, "बरं झालं काय ते मानूस?"

"हौ, बाबा," मी म्हटलं. "झालं बरं."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले, पण खोडावरचा हात काही त्यांनी काढला नाही.