ताईचं वजन

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वर्ध्याजवळच्या आमच्या गावी मला तिनेच वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं आणि मोडलंही. मी पुण्यात नोकरीला लागले, संसार थाटला आणि तिला माझ्याकडे घेऊन आले. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत तिने ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. संध्याकाळी ती घरी आली की मी, नवरा, लेक आणि ती अशी चौघं एकत्र जेवायला बसायचो. सतरा वर्षं हा नेम फारसा चुकला नाही.

झिपलाइनचं खूळ तिला मोबाइलमुळे लागलं. तिच्याच वयाची कुणी बाई दरीवरच्या तारेला लटकून हसत हसत पलीकडे जाताना तिने पाहिली, आणि मलाही तसं जायचंय म्हणाली. त्या वर्षी लेकीची बारावी होती. परीक्षा झाल्यावर जाऊ, असं मी सांगून टाकलं. मी विसरले, ती विसरली नाही. परीक्षा संपल्यानंतरच्या रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली होती. साडी चालत नाही म्हणून तिने लेकीचा पंजाबी ड्रेस घातला होता. माझी लेक तशी किडकिडीत, तरी तो ड्रेस ताईच्या खांद्यांवरून घसरत होता. ताई आणि मी त्यावर हसलो.

मुळशीच्या पुढे एका डोंगरावर ही तार बांधलेली आहे. पट्टे चढवण्याआधी तिथे प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात. ताईचं वजन भरलं सदतीस. मी म्हणाले, "नशीबवान आहेस, मी अडुसष्टची आहे."

काट्याजवळची बाई तिथलीच, आसपासच्या गावातली होती. ती हसली नाही. चाळीसच्या खाली कुणाला एकटं सोडत नाही, माणूस तारेवर मधेच अडकतो, असं तिने समजावलं. मग ताईकडे जरा वेळ पाहून विचारलं, "पहिल्यापासनं एवढंच वजन हाय का तुमचं?"

उत्तर मी दिलं. म्हटलं, ती आधीपासूनच बारीक आहे.

दोघींना जोडीने जाता येत होतं. ताई पुढे, मी मागे. त्या बाईने ताईच्या कमरेचे पट्टे शेवटपर्यंत ओढले, पुन्हा ओढले. मग तिने आम्हाला सोडलं. खाली काय होतं ते मला आठवत नाही. नवरा नंतर म्हणाला, धरणाचं पाणी फार सुंदर दिसत होतं. मी ताईला मागून घट्ट धरलं होतं, आणि माझ्या हातांत फार थोडं काही आलं होतं. तिच्या पाठीची हाडं माझ्या छातीला टोचत होती. लहानपणी तापात ती मला पोटाशी घेऊन झोपायची, तेव्हाचं तिचं अंग मला ठाऊक होतं. हे ते अंग नव्हतं. आणि ती हसत होती. इतक्या मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडे उतरल्यावर ती म्हणाली, "अजून एकदा जाऊ." मी नको म्हणाले. नवरा आणि लेक चहा आणायला गेले, तेव्हा तिला बाकावर बसवून विचारलं, "ताई, कधीपासून?"

ती सरळ बोलली. दिवाळीपासून जेवण जात नव्हतं. ताटात थोडं वाढून घ्यायची, ते चिवडत बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठून भांडी आवरायला लागायची. दर महिन्याला आपलेच ब्लाऊज उसवून शिवण आत घ्यायची, म्हणजे ढगळ दिसू नयेत. मी रोज समोर बसत होते. मला ते नीटनेटके ब्लाऊजच दिसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पोरीचं बारावीचं वर्ष," ती म्हणाली. "तू समदं सोडून माह्याच मागं लागली असती."

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. पोटात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. आधी यायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. तेही माझ्याकडे न बघता म्हणाले. औषधं सुरू केली. थोडी बरी झालीस की परत झिपलाइनला जाऊ, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली. पावसाळ्यात ती तार बंद असते. पाऊस संपला तोवर तिला उशीला टेकूनसुद्धा बसवत नव्हतं. त्या दिवशी अजून एकदा जायला पाच मिनिटंही लागली नसती. ती हे कधी बोलली नाही, मी मात्र रोज स्वतःशी बोलते.

नवरात्राच्या आधी, एका दुपारी ती गेली. लेक कॉलेजात होती. मी कपभर पाणी आणायला उठले होते.

गावाहून आमचा थोरला भाऊ रात्रभराचा प्रवास करून आला. बराच वेळ तो तिच्याजवळ बसून राहिला. मग चादर जरा बाजूला करून त्याने तिचा हात हातात घेतला, मनगट पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुह्यापाशीच तर राहत होती ना?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

मी हो म्हणाले.