कुपी फुटली ती दुपार

शेजारी बाळंतिणीला ओव्याची धुरी दिली की तो वास माझ्या खिडकीतून आत येतो, आणि मी थेट फुलसावंगीजवळच्या तांड्यावर जाऊन पोचते. साल साठच्या आसपासचं असेल. मी नवी नर्स होते.

तिथल्या बंजाऱ्यांच्या एका झोपडीत भरदुपारी बाळ झालं, वारही पडली, पण आईचं रक्त काही थांबेना. गर्भाशय आवळायचं इंजेक्शन माझ्याकडे एकच होतं. ती काचेची कुपी मी कात्री-चिमट्यांच्या डब्यात तशीच टाकली होती, आणि बैलगाडीच्या हादऱ्यांनी ती फुटली होती. मी नुसतीच तिचं पोट चोळत राहिले.

तीन दिवस बाळाला अंगावर पाजायचं नाही, अशी तिथली रीत. पण उशाशी बसलेली तांड्यावरची म्हातारी दायीच मला म्हणाली, "बाई, पोराले तिच्या छातीशी लाव."

"अन् तुमची रीत, आजी?"

"रीत मंग पाहू. पोरगी चालली हातची."

बाळ चोखू लागलं. थोड्या वेळानं दायीनं माझा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवला. "पाह्य, दगडावानी झालं." रक्त थांबत आलं होतं.

डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीनं काल मला समजावलं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, त्यानं गर्भाशयाच्या स्नायूपेशींची बारीक दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो. "तुमच्या वेळी हे कुणाला ठाऊक असणार?" ती म्हणाली.

तांड्यावरून परतल्यावर त्या संध्याकाळी दवाखान्याच्या वहीत, दायीचा उल्लेखही न करता, मी लिहिलं होतं, 'रक्त आपोआप थांबलं.'