मृणालचा माऊस आणि अच्युतचं स्टिअरिंग

भोपाळला बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये अच्युत खानझोडेचं स्टिअरिंग बघायला शेजारपाजारची माणसं यायची, तोवर तो सुखी होता. वय शेचाळीस, कारखान्यात टेक्निशियन. वडील नागपूरहून याच कारखान्यात आले, तोही इथेच लागला. वेड मात्र मोटारींच्या शर्यतीचं. खरी शर्यतीची गाडी काही नशिबात नव्हती, म्हणून कॉम्प्युटरवरची. त्या खेळात टायर झिजतात, ब्रेक तापतात, जरा घाई केली की गाडी गर्रकन फिरते. अच्युतनं हौसेनं स्टिअरिंग आणलं, पेडल्ससाठी स्वतः लोखंडी चौकट वेल्ड केली. रविवारी दुपारी भोपाळातले सोळा जण आपापल्या घरून एकत्र शर्यत लावायचे. कोलार रोडवरचा ओंकार ती सगळी जमवाजमव करायचा. अच्युत सहावा-सातवा यायचा आणि आठवडाभर खूश असायचा.

त्याची बायको मृणाल शाहपुऱ्यात एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढते. अठरा वर्षं झाली, रोज आठ तास हातात माऊस. खेळाकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत अच्युतचा तळहात कामावर कापला. टाके पडले. रविवारची शर्यत चुकली असती तर मोसमातून नाव गेलं असतं.

"मी चालवू का?" मृणाल म्हणाली. "पण ते चाक नको मला. माऊसनं चालतं का हो?"

अच्युत हसला. "चालतं. लहान मुलं चालवतात तसं."

त्यानं तिला दाखवून दिलं. माऊस उजवीकडे सरकवला की गाडी उजवीकडे, डावं बटण दाबलं की वेग, उजवं दाबलं की ब्रेक. ती दोन तास एकटीच चकरा मारत बसली. मग शर्यतीला उतरली आणि तिसरी आली.

नाव अच्युतचंच होतं, म्हणून मेसेज त्यालाच आले. "अच्युत भैया, आज तो कमाल कर दिया!" त्यानं डाव्या अंगठ्यानं उत्तर लिहिलं, "बस, हो गया."

मृणालनं खांद्यावरून वाचलं. "हो गया? कुणाच्या हातून?"

नाइलाजानं त्यानं खरं सांगितलं, आणि ओंकारनं वहिनींचं नाव पुढच्या मोसमासाठी वेगळं नोंदवलं.

टाके निघाले, अच्युत पुन्हा बसला आणि आठवा आला. ऑफिसातून आल्यावर चहा होईपर्यंत मृणाल दहा चकरा मारायची, तेव्हा तो मागं उभा राहून बघायचा. स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ होतं. माऊसचं तसं नसतं, जेवढा वळवला तेवढा मोजून परत आणावा लागतो. ती माऊस दोन बोटांएवढा सरकवायची आणि बरोबर दोन बोटंच परत यायची. ना घाम, ना धडपड. प्रत्येक चकरेत त्याच्यापेक्षा दीड-दोन सेकंद पुढे. तिच्या बटणाची ती टिकटिक त्याच्या डोक्यात जायची.

"याला काय ड्रायव्हिंग म्हणतात?" तो एकदा बोललाच. "पायाला ब्रेक लागल्याचं कळत नाही, काही नाही."

"तुमच्या पायाला कळतं ना? मग ब्रेक उशिरा का लागतो?"

तो दोन दिवस नीट जेवला नाही.

एप्रिलमध्ये इंदूरच्या गटाशी सामना ठरला. भोपाळचे पाच जण निवडायचे होते. ओंकारचा फोन आला. "भैया, बुरा मत मानना. इस बार भाभीजी को बिठा दो."

"अरे, बुरा क्या मानना," अच्युत म्हणाला, आणि फोन पलंगावर आपटला. कॉम्प्युटर त्याचा, वेल्डिंग त्याचं, आणि बोलावणं हिला!

सामन्याच्या रविवारी मृणालनं चाचणी चकरेत सुरुवातीच्या रांगेतली दुसऱ्या क्रमांकाची जागा मिळवली आणि शर्यत सुरू होण्याआधी पाणी प्यायला उठली. खोलीत कोणी नव्हतं. अच्युतनं खेळातलं सेटिंग उघडलं, माऊसचा वेग जवळजवळ दुप्पट केला आणि बंद केलं. पंधरा सेकंदांचं काम.

पहिल्याच वळणावर मृणालची गाडी भिंतीवर गेली. अच्युतला एकदम हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच भीती वाटली. मृणालचे ओठ आवळले गेले. शर्यत सुरू झाल्यावर अच्युतलाही ते सेटिंग मागं फिरवता येत नव्हतं. तिनं हात आखडता घेतला, कमी-कमी सरकवत एकेक गाडी मागं टाकली आणि सगळ्यांच्या शेवटी पडलेली ती सहावी आली. भोपाळ थोडक्यात हरलं.

"कोई बात नहीं भाभीजी," ओंकार म्हणाला.

"माझाच हात चुकला," मृणाल अच्युतला म्हणाली. मग तिनं खेळ बंद केला, नकाशाचं काम उघडलं आणि रेघा ओढू लागली. एक, दोन, दहा. प्रत्येक रेघ मोठी करून बघत होती.

"काय करतेस?"

"हात थरथरतोय का ते बघते. उद्या हॉस्टेलचा नकाशा द्यायचाय. एवढा अंदाज माझा कधी चुकला नाही हो."

अच्युतला ते बघवेना. "हात ठीक आहे तुझा. सेटिंग मी बदललं होतं."

तिनं वळून पाहिलं.

"का?"

"जळलो मी, मृणाल. दुसरं काय सांगू?"

ती ओरडली नाही. फोन त्याच्यासमोर ठेवला. "ओंकारला सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं सांगितलं. मग ओंकार म्हणाला, "भैया, ये ठीक नहीं किया." इंदूरकरांना त्यानं खरं कळवलं, निकाल तसाच राहिला. अच्युत मात्र उरलेल्या मोसमातून बाहेर झाला.

दोन आठवडे मृणाल त्याच्याशी कामापुरतं बोलली. ऑफिसला जाताना माऊस पर्समध्ये टाकून न्यायची. त्यानं काही विचारायची हिंमत केली नाही. तिसऱ्या सोमवारी माऊस टेबलावर राहिलेला दिसला, तेव्हा त्यानं तो पुसून ठेवला, इतकंच.

आता रविवारी ती खेळते, तो शेजारी स्टुलावर बसून मागून येणाऱ्या गाड्या सांगतो. जळणं गेलेलं नाही. ती जिंकली की आत काहीतरी टोचतंच, फक्त हल्ली तो ते बोलून टाकतो.

"आज फार टोचलं," परवा ती पहिली आली तेव्हा तो म्हणाला.

"टोचू दे," मृणाल म्हणाली, आणि पुढच्या शर्यतीचा रस्ता बघू लागली.