सोबत कोण आहे?

फ्लूची लस घ्यायला मी भिंगारहून नगरला एकटी गेले, एवढाच माझा गुन्हा.

काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. एकोणसत्तर, मी सांगितलं. तिने लगेच पेन खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"सोबत कोण आहे, आजी?"

कोणी नाही म्हटल्यावर तिने मला नियम समजावला. साठीच्या पुढच्या पेशंटला नातेवाईक सोबत असल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत. समजावला म्हणजे अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. जन्मभर एसटीच्या आरक्षण खिडकीमागे बसलेली बाई मी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना किती तिकिटं दिली असतील, पण सोबत कोण आहे म्हणून एकालाही अडवलं नाही. ज्याला जायचंय तो स्वतः खिडकीशी उभा आहे, आणखी काय हवं?

बरं, मला काही हौस नव्हती. आमच्या ह्यांची फुफ्फुसं अधू आहेत. गेल्या नाताळात साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि ते याच दवाखान्यात मशीनवर होते. केक राहिला, करंज्या राहिल्या, चर्चला मी गेलेच नाही. माणूस परत घरी येईल याची खात्री कोणी देत नव्हतं. म्हणून यंदा छातीच्या डॉक्टरांनी बजावलं की दोघांनीही लस घ्या. बाजार, बँक, चर्च सगळीकडे फिरणारी मी, तेव्हा आजार घरात आला तर माझ्याबरोबरच येणार. ह्यांची लस झाली. त्या दिवशी मला ताप होता म्हणून माझी राहिली. थंडी पडायच्या आत ती व्हायला हवी होती.

मुलीने घरच्या कुणाचा तरी नंबर मागितला. नोंदीसाठी असेल म्हणून मी मुलाचा दिला, तर तिने माझ्यादेखत त्याला पुण्याला फोन लावला. दोघं माझ्याविषयी बराच वेळ बोलले. मग तिने मला निकाल सांगितला: दादा दिवाळीत येणार आहेत, तेव्हा ते तुम्हाला घेऊन येतील. बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला न्यावा तसं.

मी फोन हातात घेतला. एवढी घाई काय आहे आई, आणि एकटी कशाला गेलीस, असं तो म्हणाला. चारचौघांत पोटच्या पोराला काय बोलायचं? मी फोन परत दिला आणि बाकावर जाऊन बसले. डोकं नुसतं तापलं होतं. रात्री ह्यांना ऑक्सिजन लावायला मी एकटी चालते. त्यांचा श्वास नीट चालू आहे ना हे पाहत उशाशी मी एकटी बसते, तेव्हा पुण्याहून कोणी विचारत नाही की सोबत कोण आहे. आणि स्वतःच्या दंडावर सुई टोचून घ्यायला मला राखणदार लागतो.

बाकावर शेजारी टोपीवाले एक बाबा बसले होते. तिसगावहून पहाटेच्या गाडीने आलेले. साखरेचा आजार होता, म्हणून गावच्या डॉक्टरने लस घ्यायला पाठवलं होतं, आणि तेही माझ्यासारखेच अडकले होते.

"घरची समदी कांदं लावाय गेल्यात," ते म्हणाले. "माज्यासंगं कोन यील? आता जातो माघारी."

त्यांना पिशवी उचलताना पाहिलं आणि मला राहवेना. मी पुन्हा काउंटरवर गेले. गेल्या नाताळात आमच्या ह्यांना मशीनवर घेताना नातेवाईक म्हणून याच काउंटरवर मी सही केली होती, हे तिला सांगितलं. तेव्हा माझं वय कसं चाललं, तेही विचारलं.

"तेव्हा तुम्ही पेशंट नव्हता ना, आजी," ती म्हणाली. "नातेवाईकाला वयाची अट नाही."

उत्तर तिनेच माझ्या हातात ठेवलं. मी मागे वळून बाबांना हाक मारली.

"मी यांच्यासोबत आले आहे," मी म्हटलं. "आणि हे माझ्यासोबत."

तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि नातं विचारलं. मी बहीण म्हणून सांगून टाकलं.

"थोरली," बाबांनी गंभीरपणे भर घातली.

माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी तरी मोठे असतील ते. एरवी मी सोडलं नसतं, पण लशीपायी तेवढं गिळलं. मागे रांग वाढत होती. मुलीने दोघांचीही नावं लिहून आम्हाला आत पाठवलं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी बाबांना विचारलं, आजींना ताप, खोकला आहे का? कशाची ॲलर्जी?

बाबांनी टोपी सारखी केली. "मला काय ठावं? त्यानला इचारा की. म्होरंच बसल्यात."

सकाळपासून एवढं साधं वाक्य त्या दवाखान्यात दुसरं कोणी बोललं नव्हतं. डॉक्टर थोडे वरमले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

लस झाल्यावर अर्धा तास बसायला सांगतात. आम्ही दोघं दंड चोळत बाकावर बसलो होतो, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी फोन घेऊन आली आणि तो बाबांपुढे धरला. आजींच्या मुलाचा फोन आहे, आजी निघाल्या का म्हणून विचारतायत, असं त्यांना सांगू लागली. बाबांनी तो न घेताच माझ्याकडे बोट दाखवलं.

"लस झाली," मी मुलाला सांगितलं. त्याने विचारलं, कशी काय दिली त्यांनी?

"ते असू दे. दिवाळीत घरी येशील तेव्हा तुझ्या बापाजवळ बसायचं असेल, तर तुलाही घ्यावी लागेल. घाबरू नकोस, सोबत मी येईन."